नळीतली ऊब

बेकरीत मला सगळे घोरपडे म्हणतात. ते माझं आडनाव नाही. पावाची शेवटची खेप भट्टीत गेली की मी पिठाच्या पोत्यांना टेकून जरा डोळे मिटायचो आणि माझं घोरणं म्हणे पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. त्यावरून हे बारसं.

मळलेलं पीठ फुगायला ठेवतात ती खोली माझ्या ताब्यात असते. तिथली हवा कोमट आणि दमट लागते. कोरडी पडली तर पिठाच्या गोळ्यावर कातडी धरते. फार दमट झाली तर छतावरून थेंब गळतात आणि पावाला डाग पडतात. इतकी वर्षं हेच काम केल्यामुळे खोलीत नुसता हात घातला तरी हवेत पाणी किती आहे ते मला कळतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते पाण्याचंच आहे, आणि त्यात माझा अंदाज चुकला असेल असं कुणाला वाटायला नको.

मी रात्री राबतो आणि दिवसा झोपतो. घर म्हणजे एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर. हीटर एकच, मोठ्या खोलीत. त्यामुळे थंडीत मी पलंगावर आणि ताई खिडकीजवळच्या खुर्चीत, असा आमचा दिवस जातो. ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. मला वाढवलं तिनेच. बस स्थानकावर गाड्या कुठल्या फलाटाला लागणार ते सांगायची तिची नोकरी होती. भरदार, ओलसर आवाज. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दुकानात ती बोलायला लागली की लोक वळून बघायचे, जणू आपली गाडी आली.

गेल्या थंडीच्या सुरुवातीला मी भट्टीसमोर उभ्या उभ्या झोपलो. हातातला पावांचा पत्रा भट्टीच्या तोंडावर आदळला आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजलो. मालक माणूस चांगला, पण तोही घाबरला होता.

"उद्या आत पडलास तर मी तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?" तो म्हणाला. "झोपेचं काहीतरी कर. नाहीतर भट्टीपासून लांबचं काम बघ."

लांबचं काम म्हणजे घरी बसणं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तपासणी झाली. झोपेत माझा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, असं डॉक्टर म्हणाले.

"त्याला मशीन कशाला लावायचं, मला विचारायचं ना," ताई म्हणाली. "थांबतो, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा परत सुरू होतो. तोवर मी पण माझा धरून ठेवते. सवयच झालीय."

डॉक्टर हसले. मीही हसलो.

मग घरी मशीन आलं. उशाशी ठेवायचा एक डबा, त्याच्या पोटात पाण्याची पारदर्शक टाकी, डब्यातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. ते बसवायला आलेल्या बाई ठेंगण्या, चष्मेवाल्या आणि बोलायला मोकळ्या होत्या. मशीन हवा दाबाने आत ढकलतं, घसा मिटू देत नाही. टाकीतलं पाणी जरा तापतं आणि त्याची वाफ हवेत मिसळते, म्हणजे नाक-घसा कोरडा पडत नाही. "डिस्टिल्ड पाणीच घाला," त्या म्हणाल्या, "आणि रोज बदला. शिळं ठेवू नका."

पहिले काही दिवस तोंड वाळवंट झालं. दमटपणाचा आकडा वाढवला, तर भलतंच. आमची खोली थंड, नळी थंड. आत वाफेचं पाणी व्हायला लागलं. नळी हुक्क्यासारखी गुडगुडायची आणि ऐन झोपेत नाकावर गार थेंब पडायचा. मला त्यात नवीन काही नव्हतं, फुगवायच्या खोलीचं छत हेच करतं. बाईंना फोन केला. त्यांनी आत तार घातलेली गरम नळी आणून दिली. ही नळी शेवटपर्यंत उबदार राहते, म्हणून वाफेचं पाणी होत नाही.

त्या दुपारी मी जो झोपलो, तो कधी झोपलोच नव्हतो असा झोपलो. उठलो तर अंधार पडला होता आणि ताई दिवा न लावता खुर्चीत बसली होती.

"बाई गं," ती म्हणाली, "दोनदा नाकापाशी हात धरून बघितलं. इतकी शांतता मला सोसेना."

मी शीळ घालत कामाला गेलो. बेकरीत पोरांनी माझं पुन्हा बारसं करायचं ठरवलं. मालकाने काढून घेतलेली भट्टी परत माझ्याकडे दिली. भाजलेला हात भरून आला. आरशात बघावं तर डोळ्यांखालच्या काळ्या पिशव्या गेलेल्या, गाल वर आलेले.

पाणी कमी होत नाही हे माझ्या लक्षात आलं ते मशीन धुताना. रोज सकाळी मी टाकी रेघेपर्यंत भरून झोपायचो आणि संध्याकाळी ती रेघेपर्यंत भरलेलीच असायची. दिवसभर वाफ ओढतोय तर पाणी खाली जायला हवं. मला वाटलं, मी झोपलेला असताना ताई भर घालत असणार.

"मी कशाला हात लावू त्याला?" ती म्हणाली. "मला त्या डब्याची भीतीच वाटते."

दुसऱ्या दिवशी मी टाकी मुद्दाम अर्धीच भरली. उठलो तेव्हा पाणी रेघेच्या वर आलं होतं.

बोट बुडवून बघितलं. कोमट होतं. नाकाशी नेलं तर वास ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना.

त्याच दिवशी संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी दारात उभा होतो तर माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी सुरी चालवत होती. "बघ," ती म्हणाली, "म्हातारपणाचा एक तरी फायदा झाला." ती हसली आणि खालचा ओठ मधोमध फाटला. मी वाट बघत राहिलो, पण त्यातून रक्त आलं नाही.

मग मी तिच्याकडे नीट बघितलं. टाचांना भेगा होत्या, त्या थंडीत पडतातच. पण हाताची कातडी बटर पेपरसारखी झाली होती. चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. ती दिवसभर पाणी पीत होती. आवाज बसला होता. "हीटरने होतं," ती म्हणाली. हीटर तर आमच्याकडे कित्येक वर्षं होता.

मशीनवाल्या बाई आल्या. त्यांनी डबा उघडला, टाकी काढली, उजेडाला धरून फिरवली.

"यात बाहेरून पाणी शिरायला वाटच नाही," त्या म्हणाल्या. "पाणी इथून जातं. येत नाही."

"येतंय," मी म्हणालो.

त्यांनी टाकी बदलून दिली. मग नळी गुंडाळायला हातात घेतली आणि थांबल्या.

"आत्ता बंद आहे ना मशीन? नळी कोमट लागतेय."

"प्लगच काढलाय."

त्यांनी नळी गालाला लावली. मग आमच्या ताईकडे बघितलं. ताई खुर्चीत डोळे मिटून बसली होती, छाती हळूहळू वरखाली होत होती. बाई बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या. एक हात नळीवर, एक डोळा ताईवर. मग त्यांनी नळी पटकन पलंगावर टाकली.

"दादा," जिना उतरताना त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही झोपता तेव्हा यांना दुसरीकडे बसवता येईल का?"

"का?"

"मला विचारू नका. मी मशीन विकते."

मी ताईला मामेबहिणीकडे पाठवलं. ती जायला तयार नव्हती. थोड्या दिवसांसाठी, हवापालट म्हणून, असं सांगून गाडीत बसवलं. त्या दिवसांत टाकीतलं पाणी शहाण्यासारखं खाली जात होतं. संध्याकाळी तळाशी बोटभर उरायचं. मी झोपत होतो, पण मध्येमध्ये जाग यायची, काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून परत डोळे मिटायचो.

ताई परतली ती टवटवीत होऊन. ओठ मऊ, टाचा भरलेल्या, आवाज पूर्वीसारखा. दारातूनच तिने मला घरच्या कळकटपणाबद्दल असं झापलं की शेजारची बाई हसत बाहेर आली. मला फार बरं वाटलं. मी विचार केला, थंडीच होती ती, दुसरं काय.

त्या दुपारी मी टाकीत पाणी घातलंच नाही. कोरडी पुसून लावली आणि झोपलो.

उठलो तर ती काठोकाठ भरलेली होती.

मी पाणी मोरीत ओतलं. ओतताना वास आला आणि या वेळी तो मला ओळखू आला. लहानपणी ताप आला की ताई माझ्या कपाळावर फुंकर घालायची. तोच.

मशीन खोक्यात भरलं, दोरी बांधली आणि कपाटावर ठेवून दिलं. नळी आणि मास्क मोरीत वाळत टाकले.

"हे काय?" ताईने विचारलं. तिचे ओठ परत पांढरे पडायला लागले होते.

"मला नको ते."

"आणि झोपणार कसा?"

"पूर्वी झोपत होतो तसा."

"पूर्वी तू झोपत नव्हतास," ती म्हणाली. "मला विचार. मी जागी असायचे."

"ताई, ते पाणी तुझं आहे."

मी बोलून गेलो आणि मलाच ते वेडगळ वाटलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"मग?" ती म्हणाली. "कुणा परक्याला जातंय का?"

मी तिला ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळत बसली.

मी उशा रचून बसून झोपायला लागलो. दर थोड्या वेळाने गुदमरून उठायचो. बेकरीत पत्रा हातातून सुटला, पाव जमिनीवर. मालकाने भट्टीसमोर दुसऱ्याला उभं केलं.

घरी आलो, बूटही न काढता पलंगावर बसलो. ताई म्हणाली, "पडतोस का जरा?" मी नाही म्हणालो. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. अंग पिसासारखं हलकं. डोकं स्वच्छ.

नाकावर मास्क होता.

हवा येत होती. कोमट, मऊ, अगदी बेताची दमट. बेकरीतल्या माझ्या खोलीत इतकी वर्षं जी साधायला बघतो, पण साधत नाही, तशी.

मशीनचा आवाज येत नव्हता.

मी मान वळवली. कपाटावर खोकं होतं, जसंच्या तसं, दोरी बांधलेलं. माझ्या मास्कची नळी पलंगावरून खाली गेली होती, जमिनीवरून सरळ खुर्चीकडे. ताईने तिचं दुसरं टोक दोन्ही हातांनी मांडीत धरलं होतं. तोंडाला लावलेलं नव्हतं. नुसतं धरलं होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती.

हवा येतच होती.

मी मास्क ओरबाडून काढला.

"झोपलास," ती म्हणाली. आवाज नव्हता तो. कागद घासल्यासारखं काहीतरी. "छान झोपलास रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं, नळी, मास्क सगळं परत करायला निघालो. एकटीला घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून ताईला बरोबर घेतलं. तिला शाल गुंडाळली. ती विरोध न करता आली. फार हलकी झाली होती, पायऱ्या उतरताना तिचा हात धरला तर नुसती बाही धरल्यासारखं वाटलं.

रात्री कडाक्याची थंडी पडली होती. गाड्यांच्या टपांवर पांढरा थर होता. बसच्या थांब्यावर माणसं खांदे आवळून उभी होती आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर वाफेचा ढग होता.

"परत केल्यावर काय करशील?" ताईने विचारलं.

"बघू. डॉक्टरांना विचारू. दुसरा काही उपाय असेल."

"तुझा चेहरा बघ किती छान दिसतोय," ती म्हणाली. "लहानपणी असा दिसायचास. आंघोळ घातल्यावर."

मी तिच्याकडे बघत होतो. तिचे ओठ हलत होते, शब्द येत होते, पण तोंडासमोर वाफ नव्हती. तिच्यापलीकडचं दुकान, त्याची पाटी, सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी काहीच बोलत नव्हतो. मी श्वास रोखून धरला होता.

ताई बोलत राहिली, हळू, थांबत थांबत. आणि तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर माझ्या नाकातून वाफ बाहेर पडत होती.