दुसऱ्या कपाची चूक

सांजपठार वसाहतीत घर मिळवायचं तर अर्जासोबत फोटो, दाखले, शिफारसपत्रं असं काही लागत नसे. लागत असे ती फक्त मनगटावरची एक पट्टी. ती घालून आपल्या घरात आठ दिवस नेहमीसारखं राहायचं आणि नवव्या दिवशी परत करायची. केतकीबाई आणि धनंजयराव मोहिरे यांनी ती घातली होती. आता सांगलीहून तीन तासांचा प्रवास करून दोघं वसाहतीच्या कार्यालयात निकालाची वाट बघत बसले होते. केतकीबाई जन्मभर गणिताच्या शिक्षिका. हजारो पोरांना त्यांनी निकालाच्या दिवशी घाम फोडला होता. बहात्तराव्या वर्षी आता त्यांची पाळी आली होती.

वसाहत त्यांना बघताक्षणी आवडली होती. बैठी घरं, न घसरणारी फरशी, हाकेच्या अंतरावर दवाखाना आणि मुख्य म्हणजे नवरा-बायकोला मिळून एक घर. त्या काळी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपल्या जुन्या घरात राहायची परवानगी नव्हती. म्हाताऱ्यांची आतून बंद असलेली दारं फोडायची वेळ इतक्यांदा आली की शेवटी तसा कायदाच झाला. मग मार्ग दोनच उरत. एक म्हणजे अशी स्वावलंबी वसाहत, नाहीतर सरकारी सेवागृह. सेवागृहात जेवण, औषधपाणी सगळं व्यवस्थित असे, पण पुरुषांची इमारत वेगळी आणि बायकांची वेगळी. नवरा-बायकोची भेट रविवारी दोन तास. धनंजयरावांना पंच्याहत्तर पूर्ण व्हायला चौदा महिने होते.

डॉ. अन्वय साबळे आत आले. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. केतकीबाईंनी सवयीने उजवा कान पुढे केला. दहा वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचा डावा कान गेला होता.

"काका, तुम्हाला एकसष्ट. काकू, तुम्हाला अठ्ठावन्न."

"शंभरपैकी ना? मग दोघं पास की," धनंजयराव म्हणाले.

"इथे कमी लागतात, काका. वीसच्या आत."

मग डॉक्टरांनी टेकू-अंक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माणूस कुठलंही काम करतो त्याच्या क्षणभर आधी ते काम त्याच्या मेंदूत सुरू झालेलं असतं. ते आपलं आपण सुरू झालं, की दुसऱ्याच्या बोलण्याने, नजरेने, पावलांच्या आवाजाने सुरू झालं, हे पट्टीला कळतं. शंभर कामांपैकी जितकी दुसऱ्यामुळे सुरू होतात, तितका त्या माणसाचा टेकू-अंक. दुसऱ्यावर टेकल्याशिवाय ती कामं त्याच्याकडून होणारच नाहीत.

"याचं मला पटतं," नवऱ्याकडे बोट दाखवत केतकीबाई म्हणाल्या. "चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधत फिरतो. पण मी कुठं याच्यावर टेकायला लागले?"

"रक्तदाबाची गोळी रोज वेळेवर घेता?"

"एक दिवस चुकलेली नाही."

"काका दाढी झाली की ब्रश मगावर आपटतात. तो आवाज आला की तुम्ही उठता आणि गोळी घेता. सोमवारी काकांनी दाढीला बुट्टी मारली. त्या दिवशी तुमची गोळी राहिली."

धनंजयरावांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

"पण यात बिघडलं काय?" त्यांनी विचारलं. "बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. एवढं तर होणारच की."

"माझे आजोबा गेले, त्यानंतर आजी रोज सकाळी दोन कप चहा करायची," डॉक्टर म्हणाले. "एक स्वतः प्यायची आणि दुसरा गार होईपर्यंत बघत बसायची. मग आंघोळ विसरायला लागली, मग जेवण. एकेचाळिसाव्या दिवशी ती गेली. तिला कसलाही आजार नव्हता. पुढे मी अशा तीन हजार लोकांच्या नोंदी काढल्या. जोडीदार गेल्यावर जे जास्त दिवस दुसरा कप भरत राहिले, ते लवकर गेले. आम्ही त्याला दुसऱ्या कपाची चूक म्हणतो."

"चूक कशाला म्हणता?"

"काकू, मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि तो कप मी रोज ओतून द्यायचो. मला ती चूकच वाटते."

डॉक्टर मनापासून बोलत होते, आणि मनापासून बोलणाऱ्या माणसाशी भांडणं केतकीबाईंना कधीच जमलं नव्हतं.

उपाय होता. त्याला सुटेपणाचा सराव म्हणत. मुदत सहा महिने. एकमेकांना आठवण करून द्यायची नाही, एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही, प्रत्येकाने आपला चहा आपण करायचा. समोरचा अडला तर मदतीला धावण्याआधी मनात वीसपर्यंत मोजायचं आणि तोवर त्याच्याकडे बघायचंही नाही, कारण नजरसुद्धा टेकूच. बहुतेक वेळा वीसच्या आत त्याला आपलं आपण सुचतं. बाकीचं काम पट्टी करी. आठवण वापरली की ती थोडा वेळ मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. त्या मऊ वेळेत पट्टी एक बारीकसा विद्युतप्रवाह सोडी, आणि आठवण पहिल्याइतकी घट्ट होत नसे.

"म्हणजे पुसून टाकता?" केतकीबाईंनी विचारलं.

"पुसत नाही, काकू. सैल करतो. सवय जाईल, माणूस राहील."

परतीच्या वाटेवर दोघं एका टपरीपाशी थांबले.

"नको वाटतंय मला हे," केतकीबाई म्हणाल्या.

"मला तरी कुठं हवंय? पण रविवारी दोन तासांत तुझ्याशी काय काय बोलून होणार गं माझं?"

हा हिशेब केतकीबाईंना कळत होता. एकत्र राहायचं असेल तर एकमेकांवाचून राहता येतं हे आधी सिद्ध करायचं. वर्गात कोणी असं उदाहरण घातलं असतं तर त्यांनी ते फळ्यावरून पुसून टाकलं असतं. टपरीवाल्याने दोन बिनसाखरेचे चहा आणि साखरेची वाटी आणून ठेवली. धनंजयरावांच्या कपात केतकीबाईंनी न विचारता सव्वा चमचा साखर घातली आणि ढवळली नाही. शेवटचा घोट गोड लागला पाहिजे, हा धनंजयरावांचा बेचाळीस वर्षांचा हट्ट. दुसऱ्या दिवशी दोघांनी पुन्हा मनगटावर पट्ट्या चढवल्या.

पहिला महिना तमाशाच होता. धनंजयराव एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात बूट घालून बँकेत जाऊन आले. दारात उभ्या राहून केतकीबाईंनी वीस मोजले, पण तोवर ते फाटकाबाहेर पडले होते. परत आल्यावर दोघं पोट धरून हसले. केतकीबाईंची गोळी सलग चार दिवस राहिली, पाचव्या दिवशी त्यांनी ती आपण होऊन घेतली आणि विजयी मुद्रेने नवऱ्याला दाखवली. सकाळी ओट्यापाशी दोघांची दोन पातेली शेजारी शेजारी उकळत. धनंजयरावांचा चहा सुरुवातीला फारच वाईट होई. केतकीबाईंचा हात साखरेच्या डब्याकडे जाई आणि मनगटाला बारीक मुंग्या येत. तिसऱ्या महिन्यात तो हात जायचा थांबला. कधी थांबला, ते त्यांना कळलं नाही.

हसणंही त्याच सुमारास कमी झालं. भांडण नव्हतं, दुरावा म्हणावा असंही नव्हतं. पण पूर्वी धनंजयराव "अगं ते हे..." एवढं म्हणाले की केतकीबाई "पक्कड तिसऱ्या खणात" असं उत्तर देत. आता धनंजयराव वाक्य पुरं करत. पुरी वाक्यं बोलायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला फार थोडं बोलायचं असतं.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. केतकीबाई चार, धनंजयराव अकरा. डॉ. साबळ्यांनी दोघांना पेढे दिले.

सांजपठारावर ते सुखात होते असंच म्हणायला हवं. घर उजेडाचं होतं. मनगटावरच्या पट्ट्या इथेही चालूच होत्या. केतकीबाई शेजारणींना कोडी घालत, धनंजयराव पाटबंधारे खात्यातल्या जुन्या सवयीने पावसाची नोंद ठेवत. भोजनगृहात चाळीस जोडपी जेवत, आणि ताटातलं मीठ संपलं तर प्रत्येक जण उठून आपलं आपण आणी. पाहुण्यांना त्या स्वावलंबनाचं कौतुक वाटे. संध्याकाळी मोहिरे दांपत्य तळ्याला एक फेरी मारी. सांगलीत केतकीबाई चालताना दर चार पावलांवर काहीतरी विचारत, इथे त्या तळ्याकडे बघत चालत.

दीड वर्षाने, एका गुरुवारी, नाश्त्याला उपमा होता. धनंजयरावांचा चमचा ताटलीपासून तोंडाकडे जाताना मधेच थांबला. केतकीबाईंच्या ते लक्षात आलं. ताटलीकडे बघत त्यांनी मोजायला सुरुवात केली. चौदाला त्यांनी चुकून वर पाहिलं, तेव्हा धनंजयराव त्यांच्याकडेच बघत होते. काहीतरी विचारावं तशी ती नजर होती. नियमाप्रमाणे केतकीबाईंनी आपली नजर खिडकीकडे वळवली. पंधरा, सोळा, सतरा. वीस झाल्यावर त्यांनी मान वळवली तेव्हा धनंजयराव खुर्चीत एका अंगावर कलले होते आणि चमचा खाली पडला होता.

दवाखान्यातले लोक तीन मिनिटांत आले. मेंदूतली मोठी रक्तवाहिनी फुटली होती. वीस आकड्यांनी काही फरक पडला नसता, असं डॉ. साबळ्यांनी त्यांना दोनदा सांगितलं. केतकीबाईंना ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच पटलं होतं.

बंगळूरहून लेक आली. तिने आईला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. केतकीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. दिवसकार्य झालं, लेक गेली, आणि चौदाव्या दिवशी सकाळी केतकीबाई घरात एकट्या उठल्या. गोळी घेतली. पातेल्यात एक कप पाणी घातलं, एक कप चहा केला, खिडकीत बसून प्यायला आणि कप विसळून पालथा घातला. मग आंघोळीला गेल्या.

त्या आठवड्यात डॉ. साबळे भेटायला आले. ते जरा संकोचूनच बसले होते.

"काकू, आत्ता बोलू नये, पण तुम्हाला कळलेलं बरं. पट्टीच्या नोंदी आल्यात. झोप, जेवण, औषधं, सगळं नेमाने चाललंय. आणि दुसरा कप एकदाही नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही. तीन हजार नोंदींत असं मी पाहिलेलं नाही."

"म्हणजे मी जगणार."

"खूप वर्षं."

केतकीबाईंनी मान हलवली. "डॉक्टर, याचा अंक अकराच्या खाली आलाच नाही. माझा चारवर आला. याचं कुठं अडलं होतं?"

डॉक्टरांनी हातातल्या पाटीवर नोंदी उघडल्या. ते थोडा वेळ वाचत राहिले.

"अकरापैकी जवळजवळ सगळे एकाच गोष्टीचे आहेत," ते म्हणाले. "चालताना काका तुमच्या डाव्या बाजूला यायचे. वळण आलं, तुम्ही बाजू बदलली, की ते मागून फिरून पुन्हा डावीकडे. त्या बाजूने गाडी आली तर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून असेल. पट्टी दर वेळी ती सवय सैल करायची आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे. आमच्या लेखी तो बिघाड होता."

"इथे तर गाड्याच नाहीत."

"नाहीत."

"मला कधी कळलं नाही," केतकीबाई म्हणाल्या. मग, "वाईट वाटायला हवं ना मला? वाटतंय. पण लांबच्या कोणाचं वाटावं तसं वाटतंय. असंच व्हायचं होतं ना?"

डॉ. साबळ्यांनी पाटी पालथी ठेवली. खरं म्हणजे असंच व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी पंधरा वर्षं घालवली होती.

केतकीबाई उठल्या आणि ओट्याशी गेल्या. पातेल्यात त्यांनी दोन कप पाणी मोजून घातलं.

"मला नको चहा, काकू."

"तुमच्यासाठी नाही."

चहा उकळला. त्यांनी दोन कप भरले. एक आपल्यापुढे ठेवला, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मग साखरेचा डबा उघडला, चमचा आत घातला, आणि तो तिथेच थांबला.

"तुमच्या नोंदींत असेल ना," त्यांनी विचारलं, "हा साखर किती घ्यायचा?"

"कोणतं काम कोणामुळे सुरू झालं तेवढंच पट्टी टिपते," डॉक्टर म्हणाले. "साखर नाही टिपत."

एक चमचा घातला असता तरी चाललं असतं. अर्धा घातला असता तरी चाललं असतं. चुकलं म्हणायला समोर कोणी नव्हतं. पण केतकीबाईंनी चमचा हलवला नाही. त्यांनी खिडकीकडे मान वळवली आणि मनात मोजायला सुरुवात केली. वीसच्या आत बहुतेक वेळा सुचतं. डॉक्टरांना त्यांचे ओठ हलताना दिसत होते. ते विसावर पोचले, क्षणभर थांबले आणि पुन्हा एकपासून हलू लागले. समोरच्या चहावर साय धरली होती.