धुराने दाखवलेली वाट

शाल्मलीच्या घरातल्या संगणकाला एक विचित्र खोड होती. दिवसभर तो अगदी गुणी बाळ. धडे दाखवी, गाणी वाजवी, घरातला यंत्रमानव गोट्या याच्याशी बुद्धिबळही खेळे. पण आई बोलू लागली, की नेमका बंद पडे.

आई मंगळावर होती. तिथल्या वसाहतीसाठी ती जमिनीखालचं पाणी शोधत होती. तिचे निरोप पृथ्वीवर पोचेपर्यंत इतके क्षीण होत, की कानाला नुसती खरखर. तांदळातले खडे निवडावेत तशी ती खरखर निवडून संगणक आईचा चेहरा आणि आवाज वेगळा काढी.

निघताना आईने मागे वळून पाहिलं नव्हतं. सगळे हात हलवत होते, शाल्मली तर टाचा उंचावून उभी होती. पण आई सरळ चालत गेली. का? हा प्रश्न शाल्मलीने कुणालाच विचारला नव्हता. रोज देवापुढे हात जोडताना तो तिच्या ओठांपर्यंत येई आणि परत फिरे.

आजचा निरोप चुकवून चालणारच नव्हतं. पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधे आता सूर्य येत होता. संध्याकाळपर्यंत उपग्रह तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवणार, मग दोन-तीन आठवडे शांतता.

“शमू, ऐक गं,” पडद्यावर आई म्हणाली. “निघताना मी—”

पडदा काळा.

“फार तापला,” गोट्या म्हणाला. “मी त्याच्या जागी असतो तर रजा टाकली असती.”

“तू गप रे!” शाल्मलीला रडूच फुटलं.

तिचा आवाज ऐकून आबा, आईचे वडील, डोक्यावर ओला पंचा ठेवून आतल्या खोलीतून आले. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे दुपारी भिंतीलाही हात लावू नये असा. आबांनी आयुष्यभर प्रयोगशाळेत उष्णतेचाच अभ्यास केला होता, पण पंचा काही सुटला नव्हता.

“काऊन गं माय, भरदुपारी आरती मांडली का?”

तसंच दिसत होतं म्हणा. संगणकाच्या पेटीवर आईची लोकरीची शाल पांघरलेली, समोर जास्वंदीचं फूल, बाजूला उदबत्तीचं घर. रोज दिवेलागणीला देवघरात दिवा लावून झाला, की शाल्मली इथेही एक उदबत्ती लावी. आई इथूनच तर भेटायची.

“आबा, आई बोलायला लागली की हा का रुसतो?”

“रुसत नाही, जीव वाचवतो. धडा दाखवायला त्याला फारसे कष्ट नाहीत. पण खरखरीतून तुझी आई निवडायची म्हणजे त्याच्या प्रोसेसरला (सगळे हिशेब करणाऱ्या चौकोनी तुकड्याला) मरमर काम. काम वाढलं की वीज जास्त लागते आणि तिची उष्णता होते. ती बाहेर गेली नाही, तर जळण्याआधी तो आपणच बंद पडतो.” आबांनी शालीकडे बोट दाखवलं. “आणि ही?”

“आईच म्हणाली होती, तिथे हाडं गोठवणारी थंडी असते. म्हणून मी...”

गोट्या हसणार होता. आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो गप्प बसला.

शाल्मलीने शाल काढून उराशी धरली. संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी आई थोडी जास्त बोलली.

“निघताना मी मागे वळून—”

पुन्हा काळोख.

“आपण अर्धी वाट तर आलो,” आबा म्हणाले. त्यांनी वीज बंद केली आणि पेटीची बाजू उघडली. आत वायरींचा गुंता होता. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्यांची एक चवड होती. तिला उष्णता-शोषक (तुकड्याची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग) म्हणतात, असं आबांनी सांगितलं. पण पट्ट्यांच्या फटी करड्या थराने बुजल्या होत्या. शाल्मलीने बोट लावलं, वास घेतला. चंदन!

“ही माझ्या उदबत्तीची राख?”

“राख आणि धूळ. देवघरातली खाली पडते, आपण पुसतो. इथला पंखा ती आत ओढतो. आत जणू दुसरी शालच झाली.”

शाल्मलीची मान खाली गेली. आबांनी तिच्या हातात चित्रं रंगवायचा मऊ कुंचला दिला. पंख्याची पाती बोटाने धरून तिने सगळं हलकेच झाडलं. आपल्या वेणीची रिबीन सोडून वायरी एका कडेला बांधल्या, म्हणजे हवेच्या मधे येणार नाहीत.

“आणि मागचा पंखा मी सुट्टीत लावलाय,” ती जरा मान वर करून म्हणाली. “दोन पंखे, दुप्पट वारा!”

“असं? मग उदबत्ती आण पाहू.”

“पण राख?”

“आजच्या दिवस. तीही बाहेरूनच.”

पेटी बंद करून संगणक चालू केला. शाल्मलीने पुढच्या जाळीसमोर उदबत्ती धरली. धुराची रेघ वाकली आणि आत गेली. मग मागच्या जाळीशी धरली. तिथेही रेघ वाकली आणि आतच गेली!

“दोन्हीकडून आत? मग बाहेर कुठून?”

खिडकीतल्या कूलरकडे बघत आबांनी विचारलं, “हा सुरू केला की मागचं दार कोण उघडतं?”

“मीच. नाहीतर खोली कोंदते ना! आतली हवा बाहेर गेल्याशिवाय नवी हवा...” ती थांबली. “आबा! मी पंखा उलटा बसवला!”

“दोघेही आतच ढकलताहेत. तापलेली हवा बिचारी मधे अडकली. ती हलकी होऊन वर चढते, म्हणून गार हवा पुढून खालून घ्यायची आणि गरम हवा मागून वरून सोडायची. गाभाऱ्यालासुद्धा झरोका लागतो, बाळा.”

वीज बंद करून शाल्मलीने पंखा फिरवून बसवला. ऊन कलायला लागलं होतं. पुन्हा उदबत्ती आली. आता पुढची रेघ आत गेली आणि मागची दूर उडाली.

“ताप उतरतोय,” गोट्या हळूच म्हणाला.

आणि पडद्यावर आई आली.

“शमू, ऐक गं. निघताना मी मागे वळून पाहिलं नाही. तू वाट बघत होतीस, मला ठाऊक होतं. पण पाहिलं असतं ना, तर माझं पाऊल पुढे पडलंच नसतं. इथे आल्यापासून रोज आकाशात तो निळसर ठिपका शोधते. रोज वळून बघते, बाळा.”

आबांनी पंच्याने डोळे पुसले. ओला असल्यामुळे बरं झालं, काही कळलं नाही.

पुढे आई वाळूच्या वादळाचं बोलली, सापडलेल्या बर्फाचं बोलली. संगणक एकदाही थांबला नाही.

“तिथली हवा तर फार विरळ आहे,” निरोप संपता संपता शाल्मली म्हणाली. “मग तिथल्या संगणकांना नुसता पंखा कसा पुरेल?”

“पुरतच नाही. उष्णता धातूतून आणि नळ्यांतून बाहेर न्यावी लागते. याहून सोपी वाट अजून कुणाला सापडली नाही.”

“मी शोधीन,” ती म्हणाली. “आणि ती दाखवायला स्वतः जाईन.”

दिवेलागण झाली. शाल्मलीने देवघरात दिवा लावला, उदबत्तीही तिथेच लावली. पेटीजवळ ताजं फूल ठेवलं, जाळीपासून लांब. शाल घडी करून मांडीवर घेतली आणि उपग्रहाकडून शेवटचा येत असलेला निरोप पुन्हा पहिल्यापासून लावला.

आई बोलू लागली. शाल्मलीने पेटीच्या मागे हात नेला. तळहातावर ऊबदार हवा येत होती. खरखरीतून आईला निवडून आणण्याचे सगळे कष्ट त्या हवेत होते. आई बोलत होती तोवर तिने हात काढला नाही.