खाकी आणि बाकीचे रंग

"एक मिनिट! अहो... थांबा ना जरा!"

हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरून मी दहा पावलंही गेले नसेन. वळून पाहिलं, तर करड्या शर्टातला एक उंच माणूस धावत येत होता. हातात थर्मास, चांगलीच धाप लागलेली.

"हा रंग," माझ्या कोटाकडे बोट दाखवत तो म्हणाला, "याला काय म्हणतात?"

माझ्या कपाळावर नक्कीच आठी चढली असणार. सकाळी पावणेआठला, ओळख ना पाळख...

"का? पोलिसांत वर्णन द्यायचंय?"

"नाही, नाही! आईला सांगायचंय. ती वर आहे, तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून दुसरी खिडकी. रोज तुम्हाला बघते. मी तिला म्हटलं गंजाचा रंग आहे, तर मलाच ओरडली. गंज कुणी अंगावर घालतं का? जा, विचारून ये म्हणाली."

मी वर पाहिलं. काचेमागे एक बारीकसा हात हलत होता. माझाही हात आपोआप वर गेला.

"विटकरी," मी म्हणाले. "आणि स्कार्फ मोरपंखी."

"विटकरी... मोरपंखी..." पाठ होईना म्हणून पुन्हा पुन्हा पुटपुटत तो जिन्याकडे पळाला.

मी त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. रक्ताचे नमुने घ्यायचे, नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, यंत्रातून आकडे आले की ते वर पाठवायचे. दिवसभर अंगावर पांढरा कोट, हातात मोजे, केस टोपीत. म्हणजे माझी फॅशन काय ती बस स्टॉपपासून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत. चार मिनिटं, फार तर पाच. पण त्या चार मिनिटांसाठी मी आदल्या संध्याकाळपासून खपायचे. मी ताईकडे राहायचे. माझ्या पलंगाच्या वर कपडे टांगायचा दांडा, पलंगाखाली कात्रणांच्या वह्या. जुन्या कपड्यांच्या बाजारातून पुरुषांचे कोट आणून मी ते उसवायचे आणि माझ्या मापाचे करायचे. रस्त्यात कुणाची बाही आवडली तर तिच्यामागून एक स्टॉप जास्त चालत जायचे. लॅबमध्ये सगळे मला 'मॅचिंग' म्हणायचे. "आली बघा मॅचिंग!"

"तू नटतेस कुणासाठी गं एवढी?" ताई विचारायची. "सिरिंजसाठी?"

भाऊजी पेपरामागे हसायचे. मी सुईत दोरा ओवत राहायचे. त्या सकाळनंतर मात्र माझ्याकडे उत्तर होतं.

दोनच दिवसांनी त्या वॉर्डातले नमुने घ्यायला मी ट्रे घेऊन वर गेले. खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून एक बाई बसल्या होत्या. अंग वाळलेलं, पण डोळे असे की समोरच्यानं कॉलर सरळ करावी.

"तूच ना ती विटकरी?"

"हो, मावशी."

"परवाचे बूट चुकले हं तुझे. स्कर्ट इतका झुळझुळीत, आणि खाली ते ओझं!"

"फरशी ओली असते हो. पाय घसरू नये म्हणून..."

"मग स्कर्ट बदलायचा."

मला हसूच आलं. इतक्या वर्षांत माझ्या कपड्यांना लोक छान म्हणाले होते, नाक मुरडून गेले होते, पण चूक कुणी दाखवली नव्हती. म्हणजे नीट बघितलंच नव्हतं कुणी.

नर्सबाई त्यांना कंडक्टरबाई म्हणत. "तेहतीस वर्षं बसमध्ये काढली," दंड पुढे करत त्या म्हणाल्या. "तिकिटं फाडता फाडता अख्ख्या गावाचे कपडे बघितले. आणि माझ्या अंगावर? सोमवारी खाकी, मंगळवारी खाकी. टोच आता, बघतेस काय?"

मग रोजचंच झालं ते. मी फाटकातून आत आले की आधी वर बघायचे. एकदा मुद्दाम गिरकी घेतली, तर खिडकीतून दोन हातांच्या टाळ्या दिसल्या. आणि जिन्याच्या तळाशी करडा शर्ट उभा असायचा.

"आईचा निरोप. नव्वद गुण."

"दहा कुठे गेले?"

"बेल्टात."

"आणि तुमचे किती?"

"मला कुठे त्यातलं कळतं! मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. मला तांब्याची तार कळते, ग्रीस कळतं..."

"लिफ्टवाले आहात आणि तीन मजले जिन्यानं पळता?"

"लिफ्टवाला आहे म्हणूनच." त्यानं थर्मासचं झाकण उगाच उघडलं, पुन्हा लावलं. "आत काय असतं ते माहीत आहे ना."

"पण आईंना वरून सगळं दिसतं. मग विचारायला तुम्ही खाली कशाला येता?"

त्याचे कान लाल झाले. बघता बघता, अगदी कडेपर्यंत. "ते... जवळून नीट कळतं," तो म्हणाला आणि वर पळाला. त्या दिवशी मी दोन नळ्यांवर एकच चिठ्ठी लावली. पहिल्यांदाच!

असे दोन महिने गेले. आणि मग मावशींच्या रिपोर्टातले आकडे उतरायला लागले.

डॉक्टरांच्याही आधी ते मला दिसायचे. यंत्रातून कागद बाहेर आला की मी वरचं नाव बघायचे, मग डोळे मिटून एक श्वास घ्यायचे, मग आकडा. दर वेळी आदल्यापेक्षा खाली. लॅबनं पेशंटच्या माणसांशी रिपोर्टबद्दल बोलायचं नाही, हा नियम. तो जिन्यात विचारायचा, "बरा आहे ना रिपोर्ट?" मी म्हणायचे, "डॉक्टर सांगतील." डॉक्टर मावशींना सांगायचे. आणि मावशी...

"त्याला काही बोलू नकोस," एका सकाळी माझं मनगट धरून त्या म्हणाल्या. "मला सगळं माहीत आहे. तुझ्या तोंडावरही दिसतं, तुला लपवता येत नाही. पण त्याला इतक्यात नको. वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचा होता. महिनाभर कुणाशी बोलला नव्हता."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

त्याच आठवड्यात डिझाइन कॉलेजचा वार्षिक शो होता. एका जुन्या कापड गोदामात, दुपारी चारला. मी दर वर्षी जायचे, मागच्या रांगेत उभी राहायचे. या वेळी माझ्याकडे दोन पास होते. मावशींनी ऐकलं आणि हुकूमच सोडला. "त्याला घेऊन जा. सगळं बघून ये म्हणावं, आणि मला येऊन सांग. एकही पोशाख सुटता कामा नये."

तो आला. केसांना पाणी लावलेलं, हातात लिफ्टच्या नोंदींची वही. दिवे मंदावले, वाद्यं सुरू झाली, पहिली मुलगी चालत आली आणि हा खाली मान घालून लिहायला लागला. मी हळूच वाकून बघितलं. 'क्र. १. पांढरा. बाह्या फुगीर. क्र. २. पोपटी (विचारणे).' सातव्या पोशाखाला त्याची पेन्सिल थांबली. राखाडी कापडाचे पातळ पातळ थर होते, चालताना हलणारे...

"हे कसं लिहू?" तो कुजबुजला.

"तुम्हाला काय वाटलं, ते लिहा."

त्यानं लिहिलं, 'धुक्यातून कुणीतरी येतंय.' मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि पुढचे तीन पोशाख त्या वहीत आलेच नाहीत.

बाहेर पडलो तेव्हा बारीक रिपरिप सुरू होती. गोदामाच्या पत्र्याखाली आम्ही उभे राहिलो. इतके दिवस त्याच्या चेहऱ्यावर केवढं ओझं होतं, ते उतरलेलं पाहिल्यावर मला कळलं. "आई बरी झाली ना," वही पावसापासून शर्टात लपवत तो म्हणाला, "की पुढच्या वर्षी तिला इथे आणू. पहिल्या रांगेत बसवू. आपण दोघं..."

आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"उद्या डॉक्टरांना भेटा," मी म्हणाले. "एकटे भेटा. मी हे सांगायला नको... पण पुढच्या वर्षाचं नका ठरवू. दिवस फार थोडे आहेत."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. असं ऐकायचं नव्हतं मला ते.

"तीन आठवडे."

"तीन आठवडे. आणि आज तू मला इथे रंग लिहायला बसवलंस."

मावशींचं नाव पुढे करता आलं असतं, पण ते ओठांवर आलं नाही. तो भिजत निघून गेला. मागे वळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा मावशींनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

"सांगितलंस?"

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

खिडकीकडे तोंड वळवून त्या म्हणाल्या, "बरं केलंस बाई. मला जमत नव्हतं." मग उशीवर मान टेकून, "त्याचा राग लिफ्टसारखा मध्येच अडकतो. पण खाली येतो कधीतरी."

आठवडाभरानं त्यांना आतल्या खोलीत हलवलं. तिथे खिडकी नव्हती. मी सिस्टरांची परवानगी काढली आणि रोज पांढरा कोट चढवण्याआधी पाच मिनिटं वर जायला लागले. तो पलंगापाशी असायचा. रजा टाकली होती त्यानं. आईचे पाय चेपत असायचा, कधी दोघं कशावरून तरी भांडत असायचे, कधी हसत. मी आत आले की तो भिंतीकडे बघायचा.

एका सकाळी मावशींचे डोळे उघडेनात. "आली का गं?" त्यांनी विचारलं. "काय घातलंय?"

मी बोलणार, तेवढ्यात तोच बोलायला लागला. माझ्याकडे न बघता, आईचा हात हातात धरून. "राखी निळा कोट आहे, आई. परवा होता तोच, पण आज कॉलर उभी केलीय. तिसरं बटण वेगळं आहे, लाकडाचं. चुकून नाही, मुद्दाम लावलंय. स्कार्फ जांभळा... नाही, वांगी रंगाचा. आणि आज बूट बरोबर आहेत."

मावशींच्या ओठांवर हसू आलं. "शिकला," त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले, भिंतीला डोकं टेकून. तो भिंतीकडे बघत होता म्हणे!

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी गेल्या.

त्यानंतर मी पंधरा दिवस एकच तपकिरी स्वेटर घातला. लॅबमध्ये कुणी मॅचिंग म्हटलं नाही. ताईनं कपाळाला हात लावून बघितला, "बरं नाही का गं?" सोळाव्या दिवशी आरशात बघितलं आणि वाटलं, मावशींनी शून्य गुण दिले असते. स्वेटर धुवायला टाकला. वरच्या खिडकीत आता दुसरं कुणी होतं. मी तरीही रोज वर बघायचे.

दीड महिन्यानं तो फाटकाशी उभा दिसला. हात रिकामे. बारीक झालेला.

"आईचं कपाट उघडायचंय," तो म्हणाला. "दोनदा किल्ली लावली, दोनदा काढली. एकट्याला जमत नाही... येशील?"

रविवारी सकाळी मी गेले. दोन खोल्यांचं घर, भांडी लख्ख, भिंतीवर बसच्या डेपोतला एक फोटो. लोखंडी कपाट त्यानंच उघडलं. वरच्या कप्प्यात घरात घालायचे चार साधे कपडे, आणि खाली ओळीनं टांगलेल्या सात खाकी वर्द्या.

"बघ," तो म्हणाला. "हेच. आयुष्यभर."

मी पहिली वर्दी खाली काढली. सवयीनं शिवण बघायला कॉलर उलटली आणि तशीच थबकले. कॉलरच्या आत डाळिंबी रंगाचं कापड लावलेलं होतं. बारीक, नेटक्या हातशिलाईनं. बाह्यांच्या कडा उलटल्या, तिथेही तेच. दुसरी काढली, आत अबोली, पांढऱ्या फुलांचं. तिसरीत पोपटी रेघा. सातही वर्द्यांत सात वेगळी कापडं, आणि बाहेरून एक टाकाही दिसत नव्हता.

त्यानं एकेक कॉलर उलटून बघितली. पुन्हा पुन्हा.

"मला इस्त्री करू द्यायची नाही ती," शेवटी तो म्हणाला. "कधीच. मला वाटायचं, माझं काम तिला पसंत नाही." आणि मग डाळिंबी कॉलर तोंडाशी धरून तो रडला. खूप वेळ. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले.

"त्या दिवशी तू सांगितलंस," डोळे पुसत तो म्हणाला, "म्हणून मला सतरा दिवस मिळाले. नाहीतर मी कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात पाना-पक्कड घेऊन बसलो असतो आणि मला फोन आला असता."

"हे सांगायला दीड महिना लागला?"

"रोज येत होतो. फाटकाच्या समोर, पलीकडच्या फुटपाथवर. तू आत गेलीस की परत जायचो."

"मग हाक मारायची ना!"

"काय विचारायला मारू?" तो म्हणाला. "रंग आता ओळखू येतात मला."

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. सरळ, एका दमात, जिना चढून आल्यासारखा. "आईसाठी नाही. माझ्यासाठी."

मी वर्दीची घडी घातली. घडी नीट पडेना.

"पुढच्या रविवारी घरी ये," मी म्हणाले. "ताई प्रश्न विचारून हैराण करेल. भाऊजी नुसते हसतील. तयारी ठेव."

"काय घालून येऊ?"

"तुझं तू ठरव."

तो आला तो पिवळ्याधमक शर्टात. वर हिरवा मफलर, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. ताईनं दार उघडलं आणि एक पाऊल मागेच सरकली. भाऊजींचा पेपर खाली आला. तो पिवळा त्याला मुळीच शोभत नव्हता, आणि तो हिरवा तर कुणालाच शोभला नसता.

मी पुढे झाले, सगळ्यांसमोर त्याचा हात धरला आणि त्याला आत घेऊन आले.