पत्ता वरीलप्रमाणे

जहाजाच्या सहलीला निघायचं असेल तर केबिन जहाजाच्या मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे डोलणं कमी जाणवतं. जहाज सुटायच्या दिवशी बंदराच्या गावी धापा टाकत पोचू नये, आदल्या दिवशीच पोचावं. औषधं, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवावा, कारण मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये येत नाहीत. मधल्या बंदरावर उतरलात तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावं, गावाच्या नव्हे. जहाज कुणासाठी थांबत नाही.

हे सगळं कॅप्टन बावीस वर्षं लोकांना सांगत आला होता. कॅप्टन म्हणजे कुठल्याही जहाजाचा कॅप्टन नव्हे. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याची दोन टेबलांची सहल कंपनी होती, आणि तो स्वतः आयुष्यात कधी जहाजावर चढला नव्हता. तळ्यातल्या होडीत बसला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. शेजारच्या दुकानदारांनी म्हणूनच त्याला हे नाव ठेवलं होतं, आणि त्यानेही राग न मानता ते पाटीवर रंगवून घेतलं होतं. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणसाला फार ठामपणे बोलता येतं, आणि गिऱ्हाइकाला ठामपणा आवडतो.

त्याचा सगळ्यात चालणारा सल्ला मात्र छापील पत्रकात नव्हता. तो एकट्याने जाणाऱ्यांसाठी होता. केबिन विकली जाते दोघांची. एकट्याने घेतली तर दोघांचे पैसे भरूनही वर एकटं असल्याचा दंड. "दुसरं एक नाव टाकून द्या," कॅप्टन आवाज खाली आणून सांगायचा. "तो माणूस ऐन दिवशी आलाच नाही, तर कंपनी काय त्याला घरून उचलून आणणार आहे?"

नाव कुणाचं टाकायचं, हा प्रश्न यायचाच. एकट्या माणसाकडे अशी नावं फारशी नसतात. म्हणून बावीस वर्षांपूर्वी मनात आलेलं एक नाव कॅप्टनने कायमचं ठेवून दिलं होतं. ऑफिसात त्या नावाला 'पाहुणे' म्हणत. काउंटर सांभाळणारी बाई फॉर्म भरताना चष्म्यावरून बघत विचारायची, "पाहुण्यांना देऊ का बरोबर?" आणि नात्याच्या रकान्यात गिऱ्हाइकाला शोभेल ते लिहून टाकायची. पाहुणे कुणाचे मावसभाऊ झाले, कुणाचे मेहुणे, कुणाचे जुने स्नेही. वय कॅप्टनएवढंच. पत्त्याच्या जागी नुसती रेघ.

मधल्या वर्षांत दोन किरकोळ गोष्टी घडल्या. एकदा सहलीनंतरच्या अभिप्रायांच्या गठ्ठ्यात पाहुण्यांच्या नावाचा कागद निघाला. जेवण उत्तम, खोली स्वच्छ, उशी पातळ. बाई हसून हसून बेजार झाली. कुणा गिऱ्हाइकाने गंमत केली असणार, असं म्हणून तिने तो टाचणीने भिंतीवर लावला. दुसऱ्यांदा चूक बाईचीच होती. एकाच आठवड्यात तिने पाहुण्यांना दोन जहाजांवर पाठवलं. महिन्याने एका जहाजाकडून पत्र आलं: आपले सहप्रवासी तिसऱ्या बंदरावर उशिरा चढले, पुढील वेळी कृपया आगाऊ कळवावे. कॅप्टनने वेळापत्रक काढून पाहिलं. दोन्ही जहाजं त्या दिवशी त्याच बंदरात शेजारीशेजारी उभी होती. मोठ्या कंपन्यांचे घोळ, असं म्हणून त्याने पत्र फाइलला लावलं.

मग ताईची सहल ठरली.

ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याला वाढवता वाढवता तिचं लग्न राहून गेलं, असं नातेवाईक हळहळून म्हणायचे. ताई म्हणायची, "लग्न केलं असतं तरी पोरगं याच्याहून बरं निघालं असतं कशावरून?" कॅप्टनही लग्नाच्या फंदात पडला नाही. दोघं एकाच घरात राहायची, एकाच वर्तमानपत्रावरून भांडायची. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत ताईने अडतीस वर्षं पाणी तपासलं होतं.

"जन्मभर पाणी बाटलीत बघितलं," ती म्हणाली. "आता एकदा पोटभर बघू दे. पण ढब्ब्या, तू येणार असशील तरच हं."

त्रेपन्न वर्षांच्या माणसाला ढब्ब्या म्हणणारं जगात एकच माणूस होतं. त्या माणसाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. हो म्हणायचं पोटावर आलं. मग त्याने धंद्यात नेहमी करतो तेच केलं.

"पहिले दोन दिवस कामात अडकलोय," तो म्हणाला. "तू शनिवारी चढ. मी सोमवारी दुसऱ्या बंदरावर येतो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

एकदा जहाज सुटलं की सोमवारी फोनवर शिव्या खायच्या, असा त्याचा बेत होता. तोवर समुद्र तिला आवडलेला असेल, राग उतरेल. फॉर्म त्याने स्वतः भरला, बाईच्या टोमण्यांपासून वाचायला. दुसरा प्रवासी: पाहुण्यांचं नाव, नेहमीचं. नातं: भाऊ. पुढच्या रकान्याशी हात थोडा अडला, पण भाऊ लिहिल्यावर रेघ बरी दिसेना. भावाचा पत्ता काय वेगळा असतो? त्याने लिहिलं, वरीलप्रमाणे.

शनिवारी बंदरावर ताईने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. "उलटीच्या गोळ्या विसरू नकोस," म्हणाली आणि रांगेत शिरली. वळून दोनदा हात केला. कॅप्टन जहाजाकडे न बघता परतला. नुसतं बघूनही त्याला कसंतरी होत होतं.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडतं न उघडतं तोच दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, आणि तक्रारींसाठी प्रसिद्ध. गेल्या आठवड्यातच सहलीहून आल्या होत्या. कॅप्टनने तक्रारीच्या तयारीने खुर्ची सरकवून दिली.

"पुढच्या वर्षीचं आत्ताच करून टाका," त्या म्हणाल्या. "हीच केबिन. आणि माझे चुलतभाऊ येतील ना?"

"कोण चुलतभाऊ?"

"असं काय करता? तुम्हीच तर लिहिलं होतंत." त्यांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मला चुलतभाऊ नाही, हे मला माहीत आहे हो. पहिल्या दिवशी मीही दचकले. पण मी सहा वर्षांची असताना जिन्यावरून पडले होते, ते त्यांना माहीत होतं. जिना कुठला, हेसुद्धा. मग म्हटलं, असेल. आपल्याला तरी सगळे नातेवाईक कुठे ठाऊक असतात?"

काउंटरवरची बाई लिहायची थांबली.

"माणूस फार चांगला. फक्त शेवटच्या दिवशी जरा खट्टू झाला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही सगळे बॅगा भरत होतो आणि ते नुसते उभे. मला म्हणाले, 'बोटीवर सगळं आहे, उतरायला तेवढं घर नाही.' माझ्याकडे एकच खोली, नाहीतर आणलं असतं."

त्या गेल्यावर कॅप्टनने भिंतीवरचा अभिप्राय काढून पाहिला. मग जहाज कंपनीला फोन लावला. आपल्या बहिणीबरोबरचा दुसरा प्रवासी आलेला नाही, त्याचं नाव कमी करा, असं त्याने ठामपणे सांगितलं. पलीकडच्या मुलीने संगणकाच्या कळा दाबल्याचे आवाज आले.

"सर, ते आज चढलेत. दुसऱ्या बंदरावर. अकरा वीसला."

"कोणी चढलेलं नाही."

"चढताना कार्ड मशीनला लागलंय, सर. फोटोही जुळतोय."

"कुणाचा फोटो?"

"त्यांचाच, सर," मुलगी म्हणाली. तिने आणखी काही मदत हवी का, असं विचारलं.

ताईचा फोन चौथ्या खेपेला लागला. मागे वारा होता, आणि कुठेतरी बशीवर चमचा वाजत होता.

"ताई, ऐक. मी येऊ शकलो नाही. खोटं बोललो मी तुझ्याशी—"

"काय चावटपणा आहे, ढब्ब्या?" ताई हसत होती. इतकं मोकळं हसू त्याने कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. "आत्ता तर बाल्कनीत उभा होतास. तिथून कशाला फोन करतोस? आत ये की."

"मी ऑफिसात आहे, ताई."

"बरं. आणि मी टाकीवर पाणी तपासतेय." मग आवाज फोनपासून दूर गेला. "अरे, हे बघ, कोण बोलतंय. म्हणे मी ढब्ब्या. घे, तूच बोल तुझ्याशी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची सळसळ झाली. वारा थांबला; पलीकडच्या माणसाने वाऱ्याकडे पाठ केली असावी. त्याने घसा साफ केला, फोनवर गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी करतात तसा. मग फोन बंद झाला तो पुन्हा लागला नाही.

पुढचं बंदर विमानाने गाठायचं तर त्या देशाचा प्रवेश परवाना लागत होता, आणि परवान्याला दहा दिवस. हे कॅप्टनइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने अर्ज तरीही केला. कंपनीला रोज फोन केला. बुधवारी त्यांनी कळवलं की केबिनमधल्या दोन्ही प्रवाशांची चौकशी केली, दोघंही मजेत आहेत, आणि बहीणबाईंनी भावाला त्रास देणारे फोन थांबवण्याची विनंती केली आहे.

शनिवारी सकाळी सातपासून तो बंदराच्या काचेच्या दारासमोर उभा होता. लोक बाहेर येत होते, रापलेले, दमलेले, बॅगांची चाकं खडखडवत. नऊच्या सुमारास ताई आली. नवीन टोपी घातलेली. नाक सोललेलं. तो धावला.

"ताई!"

ती थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं. भल्या माणसाकडे बघावं तसं.

"तुम्ही एजन्सीकडून ना? ढब्ब्या म्हणालाच होता, न्यायला माणूस येईल. ही बॅग तेवढी जपून हं, आत काचेचं सामान आहे."

"ताई, मी आहे गं."

"हो, हो, तुम्हीच." ती मागे वळून म्हणाली, "चल रे, गाडी आली."

तिच्या मागे गर्दी होती. गर्दीत कोण होतं, ते कॅप्टनने पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे, मान वळवली नाही.

त्याने बॅगा डिकीत ठेवल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसला. मागचं दार वाजलं. मग दुसऱ्या बाजूचं वाजलं. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "निघायचं ना, साहेब?" ते त्याला विचारलं नव्हतं.

वाटेत त्याने प्रयत्न केला. समोरच्या काचेकडे बघत तो एकेक आठवण सांगत गेला. आई गेली त्या दिवशी ताईने त्याला शाळेतून परत आणताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणलं होतं. गोवर आला तेव्हा ती सहा रात्री खुर्चीत झोपली होती. तिच्या पहिल्या पगारातून आणलेले बूट त्याला मोठे झाले, तर त्याने पुढे कागद कोंबून घातले आणि तिला कधी सांगितलं नाही.



"अरे," ताई मागून म्हणाली, पण त्याला नाही. "बुटांचं तर तू मलासुद्धा परवाच सांगितलंस. आणि यांना आधीच सांगून बसलायस? काय बाई हा!"



इमारतीशी कॅप्टनने बॅगा उतरवल्या आणि तीन जिने वर नेल्या. ताई पुढे होती, जिन्यात ओळखीच्या पायरीवर थांबून दम खात. मागून येणारी पावलं त्याच्या पावलांत पावलं मिसळून येत होती, इतकी की थांबल्याशिवाय वेगळी कळली नसती. तो थांबला नाही.

दार उघडलं. घरातला वास आला. कॅप्टनने बॅगा उंबऱ्याच्या आत ठेवल्या आणि हात न काढता तसाच वाकून राहिला. ताईने त्याच्या खांद्याला हळूच स्पर्श केला.

"फार त्रास झाला हो तुम्हाला. पाणी हवंय का?"

"नको."

"तुमच्या घरचे वाट बघत असतील."

तो बाहेर जिन्याच्या कठड्याशी येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला कुणाचा तरी कोट चाटून आत गेला. दार लागलं. आत दिवाणखान्याची खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि ताईचा गुणगुणण्याचा. शेवटचं ती कधी गुणगुणली होती, ते त्याला आठवेना. त्याने खिशातून स्वतःची किल्ली काढली. किल्ली लागत होती. कुलूप फिरलं. दार आत ढकलायचं तेवढं राहिलं होतं.

"कडी घाल रे, ढब्ब्या," आतून ताई म्हणाली.

त्या दाराची कडी पार वरच्या चौकटीला आहे. ताईचा हात तिथवर पोचत नाही. दाराच्या पलीकडे कुणीतरी टाचा न उचलता ती घातली.