मंदाआत्याच्या हाडातलं कॅल्शियम कुठे गेलं?

मंदाआत्याचं मनगट मोडलं, ते मल्लखांबावरून पडून नव्हे. अंगणातल्या पायरीवर तोल गेला आणि तिने हात टेकला, एवढंच. तिची भाची इरावती हिला कोडंच पडलं. आत्या साताऱ्याच्या व्यायामशाळेत मुलींना मल्लखांब शिकवायची, रोज दूध प्यायची, सकाळी उन्हात हिंडायची. मग तिचं हाड इतकं कच्चं कसं?

व्यायामशाळेचे चिटणीस भेटायला आले. वय झालं, आता आराम करा, मुलींसाठी दुसरे शिक्षक बघतो, असं सांगून गेले.

"वय झालं, हे काय उत्तर झालं?" आत्या म्हणाली. "चल इरा, खरं कारण विचारून येऊ."

रुग्णालयात निरामया नावाची यंत्रमानव डॉक्टर होती. तिने आत्याच्या हाडाचं चित्र हवेत उभं केलं. आतली जाळी जागोजागी विरळ झाली होती. याला अस्थिसुषिरता (हाडे आतून सच्छिद्र होणे) म्हणतात, असं तिने सांगितलं. मग तिने आत्याच्या हातातल्या, रक्तदाब मोजणाऱ्या पट्ट्यावरच्या नोंदी पाहिल्या. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेलाच होता. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून आत्याने तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

"पण रक्तदाबाचा हाडाशी काय संबंध?" इराने विचारलं.

निरामया समजावू लागली. हाड दगडासारखं नसतं. त्याचा जुना भाग सतत झिजतो आणि नवा भरला जातो. त्यासाठी कॅल्शियम लागतं. मूत्रपिंडं (रक्त गाळणारे अवयव) रक्त गाळताना बरंचसं कॅल्शियम शरीरात परत घेतात. रक्तदाब वाढलेल्या अनेकांमध्ये मात्र ते लघवीवाटे जास्त निसटतं. जेवणात मीठ फार असेल तर आणखीच. हृदय चालायला रक्तात कॅल्शियम हवंच, म्हणून शरीर ते हाडांतून काढून घेतं. त्यात रजोनिवृत्तीनंतर (मासिक पाळी कायमची थांबल्यावर) हाडांना जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. म्हणून बायकांची हाडं दोन्हीकडून झिजू शकतात.

"प्रत्येकीचं असंच होतं असं नाही," ती म्हणाली. "रक्तदाब आणि हाडांच्या या नात्यातलं बरंच काही अजून शोधायचं आहे."

"वय मला थांबवता येणार नाही," आत्या म्हणाली. "पण दाब उतरवता येईल ना?"

येईल, असं निरामया म्हणाली. औषध, कमी मीठ आणि हाडांवर बेताने भार देणारा व्यायाम. आराम करत बसलं तर हाडं उलट आणखी कमजोर होतील.

दुसऱ्याच दिवशी आत्या प्लास्टर घातलेला हात घेऊन व्यायामशाळेत हजर झाली. खांबावर चढायची परवानगी नव्हती, म्हणून खाली उभं राहूनच तिने शिकवायला सुरुवात केली. मुलींना न्यायला आलेल्या आया बाहेर ताटकळत होत्या. त्यांना तिने आत बोलावलं, इराकडून आपल्या पट्ट्याने प्रत्येकीचा रक्तदाब मोजून घेतला आणि त्यांनाही व्यायामाला उभं केलं.

चिटणीस धावत आले. ही व्यायामशाळा आहे, दवाखाना नाही, असं त्यांनी बजावलं.

आत्या जागची हलली नाही. "या सगळ्यांना अजून कितीतरी वर्षं याच हाडांवर उभं राहायचंय," ती म्हणाली. "तुम्हीही हात पुढे करा."

चिटणीस क्षणभर घुटमळले. मग त्यांनी बाही वर सरकवली.