तिळांचा पहारा

"स्टूल तिकडे आहे. ओढा आणि बसा," हेइन म्हणाली.

तो दारातच उभा राहिला. एका खांद्यावर तिळांचं पोतं, दुसरा खांदा पावसानं भिजलेला. "बसायलाच हवं का?"

"नवे दिसताय."

नवाच होता बिचारा! नाहीतर कोरियातल्या येचॉनच्या बाजारातल्या तेलघाण्यावर असा प्रश्न कोण विचारतं? इथे आपले तीळ आणले, की ते धुऊन, भाजून, तेल बाटलीत उतरेपर्यंत बाई स्टुलावरून हलत नाही. मध्येच कुणी जहाजातून आलेले स्वस्त तीळ त्यात मिसळले तर? घाणेवाला सख्खा भाऊ का असेना, डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा म्हणजे करायचा.

"आईचे गुडघे धरलेत," तो पोतं उतरवत म्हणाला. "सणाला घरी आलो, तर लगेच इकडे पिटाळलं. ओकबुन... टेकडीपलीकडच्या गावची."

"ओकबुनकाकू? म्हणजे तुम्ही बुसानचे थेहा! परदेशातून तीळ मागवणारे." हेइननं कमरेवर हात ठेवले. "या घाण्यावर तुमचं नाव शिवीसारखं घेतात, ठाऊक आहे?"

"तिकडेही कुणाची तरी आईच तीळ झोडपते हो. मी पाहिलंय. आफ्रिकेतल्या उन्हात, पाठीला पोर बांधून."

"असेल. पण तिच्या तिळांची चव मला कशी कळणार? ती काही स्टूल ओढून माझ्यासमोर बसत नाही."

तो हसला, आणि गालाला खळी पडली. हेइननं घाईघाईनं पोतं उघडलं. उगाच नको तिथे लक्ष!

तिनं तीळ पाण्यात ओतले, रोवळी घेतली आणि रोळायला लागली... आणि तिचा हात थबकला.

खडा नाही. माती नाही. वाळक्या पानाचा तुकडा नाही. सगळे दाणे एका मापाचे, यंत्रानं निवडल्यासारखे. ओकबुनकाकूंच्या तिळांत दर वर्षी मूठभर शेत यायचं, हेइन त्यावरून त्यांना चिडवायचीसुद्धा. हे त्यांच्या शेतातले तीळ नव्हतेच.

यानं बदलले? वाटेत?

"हे पोतं... कुणी बांधलं?"

"आईनं. माझ्यासमोर. मला हातसुद्धा लावू देईना." त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचं काही म्हणजे काही नव्हतं. "का हो?"

"काही नाही."

तिला उमगलं. यंदा पाऊस उभ्या पिकात बसला होता. काकूंच्या बोंडांना बुरशी लागली असणार, आणि त्यांनी हे कुणापाशी बोलूनही दाखवलं नसणार. हेइननं ओठ घट्ट मिटले, तीळ भाजले, घाणा फिरवला. खमंग वास सुटला, पण नेहमीचा नव्हे. सोजू दारूच्या रिकाम्या हिरव्या बाटल्यांत तेल भरून तिनं त्याच्या हाती दिलं.

"उद्याही येऊ का?" त्यानं विचारलं.

"तीळ आहेत?"

"नाहीत."

"मग कशाला?"

"तेच तर... कळत नाहीये," तो म्हणाला, आणि पावसात निघून गेला. हेइन कितीतरी वेळ रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली.

पुढच्या बाजारी मालसूनमावशी घाण्यावर आली ती वादळासारखी. ओकबुनकाकूंची शेजारीण, गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. एका हातात हिरवी बाटली, दुसऱ्या हातानं ओकबुनकाकूंना ओढत. मागून थेहा, गोंधळलेला.

"हेइन! हे काय आहे?" बाटली आपटली गेली. "जन्मभर हिच्या शेतातलं तेल खाल्लंय मी. हे ते नाही! वाईट नाही म्हणत, पण आपलं नाही. तीळ बदललेस ना?"

तीळ घेऊन ओळीत बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. एकीनं आपलं पोतं हळूच पायाशी ओढून घेतलं.

वडिलांच्या मागे हा घाणा हेइननं एकटीनं चालवला होता, आणि तिच्याकडे भांडवल एकच: हेइन मिसळत नाही. ते गेलं की या सगळ्या बसस्टँडजवळच्या नव्या घाण्यावर जाणार, अन् दाराला कुलूप. खरं काय ते एका वाक्यात सांगायचा अवकाश, ती सुटली असती. पण समोर ओकबुनकाकू मान खाली घालून उभ्या होत्या, बोटं एप्रनची कड पदरासारखी पिळत होती.

"मी बदलले नाहीत, मावशी," ती एवढंच म्हणाली.

"मग काय चव वाटेत उडाली?" मावशी गर्रकन थेहाकडे वळली. "तू बसला होतास ना इथे? पहारा केलास की झोपा काढल्यास?"

"केला."

"घाण्यावरून नजर हलली नाही?"

त्यानं मान खाजवली. हेइन मनातल्या मनात विनवत होती. बोल ना रे... खोटं का होईना!

"घाण्याकडे... मी पाहिलंच नाही."

बायकांत कुजबुज उसळली. हेइननं डोळे मिटले. संपलं!

"मी हिच्याकडे बघत होतो," थेहा म्हणाला. कान लालबुंद, पण आवाज स्पष्ट. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. हिचे हात तिळांत बुडाले तेव्हा, भाजताना केस कपाळावर आले तेव्हा... या हातांनी दुसरं पोतं उघडलं असतं, तर मला दिसलं नसतं? आई, शपथेवर सांगतो, हिनं तीळ बदललेले नाहीत."

कुणीतरी खुदकन हसलं. मावशीचा उघडलेला जबडा तसाच राहिला. आणि तेवढ्यात ओकबुनकाकू बोलल्या, "बरोबर आहे त्याचं. मीच बदलले."

"आई?"

"सगळं पीक काळं पडलं रे. दर सणाला तुम्हा पोरांना तेल देते. यंदा काय रिकाम्या बाटल्या देऊ? बाजारातून आणले जहाजातले." त्यांनी डोळे पुसले आणि हेइनचा हात धरला. "तुला रोळतानाच कळलं असेल. मग बोलली का नाहीस, पोरी?"

"पोतं तुमचं होतं, काकू. सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवायचं."

मावशीनं बाटली परत उचलली, हुंगली, काखेत मारली. "अगं, मला तरी सांगायचंस! माझ्याकडे तिळांची दोन मापं जास्तीची आहेत," ती ओकबुनकाकूंवर खेकसली. मग थेहाला कोपर मारलं. "आणि तू, पहारेकरी! निर्लज्ज कुठला."

दोघी भांडत भांडत बाहेर पडल्या. पायाशी ओढलेलं पोतं आपोआप पुढे सरकलं. हेइननं ते पाण्यात ओतलं. थेहा स्टुलाशेजारी चुळबुळत होता.

"रागावलात?"

"हो. सगळ्यांसमोर अर्धवट खरं बोललात." तिनं पाण्यात हात घातला. "नजर हलली होती तुमची. मी वर पाहिलं, की दर वेळी खाली बघत होतात."

"दर वेळी?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे... तूही बघत होतीस?"

हेइनचा हात पाण्यात तसाच थांबला. जीभ चावून काय उपयोग, बोलून तर बसली होती! गाल तापले. ओळीतल्या बायका कान टवकारून बसल्या होत्या, त्यांना काय, फुकटचा तमाशा.

तिनं पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "आणि या वेळी मी वर पाहिलं, तर खाली बघू नकोस."