शून्य चुका

डोक्याला मार लागून महिने उलटले तरी ज्यांची चक्कर जात नाही, ते कितपत बरे झालेत हे पाहणं बाईंचं काम. माणसाला डोळे मिटून, कमरेवर हात ठेवून, एका पायावर वीस सेकंद उभं करायचं आणि चुका मोजायच्या. हात सुटला, डोळा उघडला, पाय टेकला, की एकेक चूक. दवाखान्यात सगळे त्यांना पाठीमागे मास्तरीणबाई म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या दुपारी सुतारमिस्तरी आले. आठ महिन्यांपूर्वीच्या अपघातात त्यांचं डोकं आपटलं आणि शेजारी बसलेली बायको जागच्या जागी गेली. तेव्हापासून दर तपासणीला ते डावीकडे कलंडत, पण पडत कधीच नसत. बाईंना त्याचं नवल वाटे.

आज मिस्तरी खांबासारखे उभे राहिले. वीस सेकंद संपले तरी डोळे उघडेनात. मिटल्या पापण्यांतून पाणी गळू लागलं.

"दुखतंय का?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही हो. तोल जायला लागला की ती दंड धरायची... तिची बोटं ओळखतो मी." मिस्तरी जरा थांबले. "आज तोलच गेला नाही. मग कशाला धरेल ती?"

बाईंनी कागद पुढे ओढला.

"एक चूक लिहा ना, बाई. बरा झालो म्हणून लिहिलंत, तर ती जाईल..."

"कामावर जायचंय ना तुम्हाला? घरात मुलगी आहे, मिस्तरी."

त्यांनी शून्य लिहिलं, सही केली. मिस्तरी कागद घेऊन जराही न डगमगता चालत गेले. कुणाचं बरं होणं इतकं जिवाला लागेल, असं बाईंना वाटलं नव्हतं. दार लावून त्या कितीतरी वेळ डोळे पुसत बसल्या.

मग नावं लिहून घेणाऱ्या मावशी दार ढकलून डोकावल्या.

"मिस्तरी एकटेच कसे गेले हो? त्यांच्या मिसेस राहिल्या की."

"कुठल्या मिसेस?"

"दर वेळी बाकावर बसतात, त्या. चूक लिहिली का, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, मला काय ठाऊक, आत जाऊन बाईंनाच विचारा." मावशींनी खोलीभर नजर फिरवली. "आत शिरताना पाहिलं मी त्यांना... भेटल्या नाहीत?"

मिस्तरी गेल्यापासून खोलीत बारीक हुंदके चालले होते, आणि ते आपलेच, असं त्या धरून चालल्या होत्या.